ईसीएम बदलला तरी व्हॅन घाटात बंद पडते: तिसरा डबा आणण्याआधी

लक्षणं आधी लिहितो, म्हणजे ज्याची गाडी दुसऱ्याच कारणानं आजारी आहे त्याचा वेळ जायला नको. डिझेल व्हॅन, कॉमन रेल इंजिन (एकाच नळीतून सगळ्या सिलिंडरना दाबाचं डिझेल), बीएस-४ (धुराच्या नियमाचा टप्पा), १२ व्होल्ट. चढाला गाडीवर लोड आला की पिकप एकदम जातो, चेक लाइट लागते, कधी इंजिनच बंद. बाजूला घेऊन दोन मिनिटं थांबलं आणि पुन्हा चावी मारली की काही झालंच नाही अशी चालू. स्कॅनर लावला तर एका दमात तीन-चार सेन्सरचे कोड. गॅरेजवाला म्हणतो, ईसीएम गेलाय, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरचा डबा. ईसीएम बदलतात, गाडी चार महिने बरी चालते, आणि मग पुन्हा तेच. नाहीतर त्याहून वाईट, चावी ऑन केली तरी चेक लाइटसुद्धा नाही.

मी कराडला गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. ही व्हॅन ज्यांची, ते रोज पहाटे कराडहून पाव-खारी भरून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरतात, चिपळूणला माल टाकतात आणि दुपारी येताना नारळ, सुकी मासळी, मिळेल ते भाडं घेऊन घाट चढतात. म्हणजे गाडी भरलेली असताना चढ, तोही रोज. गाडी कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता आणि खाली जे लिहितोय ते बहुतेक सगळ्या छोट्या कॉमन रेल गाड्यांना लागू आहे.

जूनच्या पहिल्या पावसात गाडी टोचन करून माझ्या दारात आली. मालक उतरले ते सीटखालून एक जुना ईसीएम काढून हातात घेऊनच. म्हणाले, "मिस्त्री, ह्यो पयला. गाडीत हाय त्यो दुसरा, त्योबी गेला म्हनत्यात. आता तिसरा घालायचा आसंल तर गाडीच इकून टाकतो."

मी त्यांना आधी चहा पाजला आणि मागचं सगळं विचारून घेतलं. वायरिंगच्या कामात ही अर्धी तपासणी असते. दिवाळीच्या आसपास घाटात पिकप जायला लागला. एका गॅरेजनं ईसीएम बदलला, म्हणजे त्याच नंबरचा जुना डबा आणून त्यात पहिल्याचा डेटा कॉपी केला. गाडी चालली. मार्चमध्ये दुसरीकडे क्लच प्लेट टाकली. त्यानंतर सकाळी सेल्फ जड फिरायला लागला म्हणून बॅटरी बदलली. एप्रिलमध्ये तीन नंबरचा इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल सोडणारा) बदलला. मे महिन्यात गिअरची केबल गरम लागते अशी मालकांची तक्रार होती, ती कुणी मनावर घेतली नाही. जूनमध्ये गाडी पूर्ण मेली.

ज्यांचा हात वायरिंगवर बसलाय त्यांना यातली दोन वाक्यं खटकली असतील. क्लचचं काम, आणि गरम होणारी गिअर केबल. मला तेव्हा खटकली होती, पण मी लगेच तिकडे गेलो नाही. आधी सरळ रस्त्यानं गेलो.

डबा मेला हे कधी म्हणायचं

माझा एक नियम आहे. ईसीएमला जे मिळायला पाहिजे ते सगळं मिळतंय आणि तरी तो काम करत नाही, हे मीटरवर दिसल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. त्याला मिळायला पाहिजे ते फार नाही. कायमचा १२ व्होल्ट, चावी ऑनचा १२ व्होल्ट, मेन रिलेतून (ईसीएमचा सप्लाय जोडणारा स्विच) येणारा १२ व्होल्ट, आणि अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसला परत जाणारा रस्ता. अर्थ एक नसते, तीन-चार पिना असतात. कोणती पिन कशाची ते त्या गाडीच्या वायरिंग डायग्राममध्येच बघायचं, अंदाज नको. दोन मॉडेलचे कपलर (वायरींचे जोड) दिसायला सारखे असतात आणि पिना वेगळ्या असतात.

इथे बहुतेक जण मीटर बीपवर ठेवतात, पिन आणि बॉडीमध्ये धरतात, बीप वाजली की अर्थ पास. ही बीप फसवी आहे. वायरच्या तीस तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी बीप वाजते, कारण मीटर तिच्यातून करंट असा काही सोडतच नाही. लोड पाहिजे. मी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब वापरतो, पावणेदोन अँपिअर घेतो. कपलर काढून घेतलेला, बल्बचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं कपलरमधल्या अर्थच्या पिनेला. पिन रुंद होणार नाही अशी बारीक टर्मिनल लावूनच, टाचणी खुपसून नाही. बल्ब लख्ख पेटला पाहिजे, आणि तो पेटलेला असताना अर्थची पिन ते बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये मीटरवर ०.१ व्होल्टच्या आतच दिसलं पाहिजे. प्लसच्या वायरी अशाच, बल्बचं दुसरं टोक बॅटरी मायनसला धरून. एक सूचना: हा बल्ब फक्त सप्लाय आणि अर्थच्या वायरींना. सेन्सरच्या वायरींना लावला तर आतलं सर्किट जाऊ शकतं. आणि इंजेक्टरच्या वायरींना तर कधीच नको, चालू इंजिनवर तिथे बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज येतं. हाताला झटका बसेल असं.

या गाडीत ईसीएमला दोन ठिकाणांहून अर्थ होती. दोन वायरी बॉडीवर, बोनेटच्या उजव्या कोपऱ्यात. दोन वायरी इंजिन ब्लॉकवर. सगळे प्लस चांगले, मेन रिले टक्क आवाज करून ओढत होता, बॉडीच्या अर्थवर बल्ब लख्ख. इंजिन ब्लॉकच्या अर्थवर बल्ब पिवळट, समईसारखा.

मग मीटर बॅटरीच्या मायनसच्या खांबावर आणि इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर धरून पोराला सेल्फ मारायला लावला. मीटरवर २.१ व्होल्ट. इथे ०.२ च्या आत दिसलं तर ठीक, ०.५ च्या वर गेलं की शोधाशोध सुरू करायची. २.१ म्हणजे इंजिन आणि बॅटरी यांच्यामध्ये रस्ताच उरला नव्हता.

गाडी लिफ्टवर घेतली. गिअरबॉक्सच्या बोल्टवर जाळीची अर्थ पट्टी असते, ती बॉडीच्या चॅनेलला जाते. क्लच टाकताना गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, तेव्हा पट्टी सुटते. परत बसवताना तिचं टोक गिअरबॉक्सच्या लोखंडावर न बसवता रबराच्या एका क्लिपच्या वर बसवलं होतं आणि वरून बोल्ट आवळला होता. दुसऱ्या टोकाला जाळी हिरवी पडून निम्मी तुटलेली. बाहेरून पाहणाऱ्याला पट्टी दिसते, बोल्ट घट्ट लागतो, काम बरोबर वाटतं.

आता सेल्फ मोटर काही दोन-पाच अँपिअर घेत नाही, शेकड्यात घेते. हा करंट बॅटरीकडे परत जाणारच. मोठा रस्ता बंद असला की मिळेल त्या गल्लीतून जातो. गिअरची केबल ही एक गल्ली, म्हणून ती गरम होत होती. दुसरी गल्ली जास्त वाईट होती. इंजिन ब्लॉकवरून ईसीएमच्या अर्थ वायरीत, तिथून डब्याच्या आतल्या पट्टीतून बॉडीच्या अर्थ वायरीत, आणि बॅटरीला. रोज पहाटे सेल्फ मारताना दर वेळी थोडं थोडं. मार्च ते जून.

तोपर्यंत डबा मेलाय हेही नक्की झालं होतं. तात्पुरती जाड जंपर केबल इंजिन ते बॅटरी मायनस लावली, म्हणजे सप्लाय आणि अर्थ दोन्ही चोख, आणि तरी चावी ऑनला चेक लाइट नाही, सेन्सरच्या कपलरवर ५ व्होल्ट नाहीत, स्कॅनर बोलत नाही. स्कॅनर बोलत नाही एवढ्यावर मात्र डब्याला मेलेला समजू नका. आधी ओबीडीच्या, म्हणजे स्कॅनर लावायच्या, सोळा पिनांच्या सॉकेटवर १६ नंबरला बॅटरीचा प्लस आणि ४, ५ ला अर्थ आहे का बघा. सिगारेट लायटरचा फ्यूज उडाला की काही गाड्यांत हे सॉकेटही मरतं. कॅन लाइन (गाडीतले डबे एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी) असेल तर बॅटरी काढून ६ आणि १४ मध्ये ओहम मोजा. दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टन्स असतात म्हणून साधारण ६० दिसतात. १२० दिसले तर एक टोक सुटलेलं, शून्याच्या जवळ दिसलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. जुन्या गाड्यांत ७ नंबरची के-लाइन असते, तिथे हा हिशेब लागू नाही, आणि मध्ये गेटवे (लाइन वाटणारा वेगळा डबा) असेल तर आकडा वेगळा येतो.

मेलेला डबा उघडल्यावर

चार स्क्रू आणि भोवतीचं सिलिकॉन काढून झाकण उचललं. उघडायची गरज नव्हती, मला बघायचंच होतं. कपलरच्या मुळाशी, जिथे अर्थच्या पिना बोर्डात शिरतात, तिथे नखाएवढी जागा चहाच्या डागासारखी तपकिरी झालेली. हिरव्या बोर्डावरची तांब्याची पट्टी एका ठिकाणी फुगून वर उठली होती आणि सुपारीच्या कातरणाएवढा तिचा तुकडा गायब होता. बाकी बोर्ड नवा कोरा. प्रोसेसर, ड्रायव्हर, मोठे कपॅसिटर, सगळे जागच्या जागी.

मालकांना भिंगातून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "म्हंजे येवढ्यासाठी?"

तो डबा बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवता आला असता. जळालेल्या पट्टीवर तार टाकून डाग दिला की असा डबा कधीकधी उठतो. पण घाटात पाव भरलेली गाडी त्याच्या भरवशावर घालायला माझं मन धजत नाही.

बदली डबा: काय जुळायला हवं

समजा सगळं तपासून झालंय आणि डबा खरंच बदलायचाय. डब्यावरच्या स्टिकरवर दोन नंबर असतात, एक हार्डवेअरचा, एक सॉफ्टवेअरचा. गाडीचं मॉडेल, इंजिन, कपलर सगळं सारखं असूनही हे नंबर वेगळे असू शकतात. हार्डवेअर नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. "चालतो हो, त्याच गाडीचा आहे" असं भंगारवाला म्हणाला तर हसून निघायचं.

दुसरं, इमोबिलायझर. चावीतली चिप आणि ईसीएम यांची ओळख पटली नाही तर इंजिन फिरेल पण चालू होणार नाही, किंवा सेकंदभर चालून बंद पडेल. नवा डबा सर्व्हिस सेंटरमधून घेतला तर ते सॉफ्टवेअर भरून, चेसिस नंबर लिहून, चावी जुळवून देतात. जुना घेतला तर मूळ डब्यातला डेटा त्यात उतरवावा लागतो, त्यालाच आपण क्लोन म्हणतो. पण त्यासाठी मूळ डब्यातली मेमरी वाचता आली पाहिजे. म्हणून गाडी बरी असतानाच कुणाकडे तरी डेटाची एक कॉपी काढून ठेवली असेल तर त्या दिवशी तिच्यासारखं सोनं नाही. बीएस-६ गाड्यांत, म्हणजे १ एप्रिल २०२० पासूनच्या, आणखी एक भानगड आहे. धुराच्या फिल्टरमध्ये काजळी किती साठली याचा हिशेब ईसीएम ठेवतो. नवा डबा कोरा हिशेब घेऊन आला तर फिल्टर भरलेला असताना त्याला रिकामा वाटतो. हा आकडा जुन्यातून नव्यात न्यावा लागतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षरं-आकड्यांचा एक कोड कोरलेला असतो. इंजेक्टर बनवताना त्याची मोजणी होते आणि तो किती डिझेल जास्त-कमी सोडतो ते या कोडमध्ये असतं. ईसीएम त्या कोडवरून प्रत्येक सिलिंडरचा हिशेब दुरुस्त करतो. डबा बदलला की चारही कोड स्कॅनरनं सिलिंडरच्या क्रमानं लिहायचे. तेलकट डोकं डिझेलच्या चिंधीनं पुसायचं आणि मोबाइलनं फोटो काढून ठेवायचे. शून्य आणि ओ, आठ आणि बी यांचा घोळ नेहमी होतो.

बसवताना फार काही नाही. चावी ऑफ केल्यावर लगेच बॅटरी काढायची नाही, मेन रिले काही सेकंद धरून असतो आणि ईसीएम तेवढ्यात त्याच्या नोंदी लिहून घेतो. दोनेक मिनिटं थांबून मायनस काढायचा, मग कपलरचा खटका. डब्याच्या पिनांना बोट लावायचं नाही, हातात घेण्याआधी बॉडीच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा. आणि सॉफ्टवेअर भरायचं असेल तर बॅटरीला चांगला सपोर्ट चार्जर लावून १३ व्होल्टच्या वर धरून ठेवायची, लॅपटॉप चार्ज केलेला. अर्ध्यावर व्होल्टेज पडलं की चांगला डबा वीट होतो, म्हणजे निकामी. आमच्याकडे वळिवाच्या दिवसांत दुपारी चारनंतर मी हे काम हातातच घेत नाही.

आता या गाडीचं काय केलं ते. सीटखालचा पहिला डबा टेबलवर लावून बघितला. सप्लाय दिला, अर्थ दिली, ५ व्होल्ट बाहेर आले, स्कॅनर बोलला. ठणठणीत! दिवाळीत ज्याला मेला म्हणून काढला तो मेलेलाच नव्हता. दुसऱ्यात याचाच डेटा कॉपी केलेला असल्यामुळे चावी जुळवायचीही गरज नव्हती.

नवी तांब्याची जाळीची पट्टी आणली, दोन्ही टोकांच्या जागा पॉलिश पेपरनं पांढऱ्या होईपर्यंत घासल्या, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस. आधी नाही, वरून. सेल्फ मारून पुन्हा मोजलं, ०.१२ व्होल्ट. मग पहिला डबा बसवला. गाडी पहिल्या झटक्यात लागली, पण खडखड वाजत होती, थंड इंजिनवर निळसर पांढरा धूर. तीन नंबरचा इंजेक्टर एप्रिलमध्ये बदललेला आणि या डब्यात कोड जुन्या इंजेक्टरचा! नवा कोड लिहिला, खडखड थांबली.

संध्याकाळी मालक गाडी घेऊन गेले. मी बिलावर "ईसीएम प्रॉब्लेम सॉल्व्ह" असं लिहून दिलं होतं. तो कागद त्यांनी चौथ्या दिवशी मला दाखवला.

घाटात पुन्हा

चौथ्या दिवशी चिपळूणहून येताना, कुंभार्लीच्या चढाला, पिकप गेला. दिवाळीसारखंच. मी आता पडलो तोंडघशी. पट्टीचा दोष क्लचच्या कामानंतरचा, म्हणजे मार्चचा. दिवाळीत जे झालं त्याला पट्टी कारण असूच शकत नव्हती. तारखा सगळ्या मला मालकांनी स्वतः सांगितल्या होत्या. दुसऱ्या डब्याचा खुनी सापडला या आनंदात मी पहिल्या डब्यावरचा आळ तसाच ठेवला.

स्कॅनरवर पी ०६४२, सोबत रेल प्रेशर सेन्सर (डिझेलचा दाब) आणि बूस्ट प्रेशर सेन्सरचे (टर्बोच्या हवेचा दाब) कोड. असे एकदम तीन कोड आले की तीन सेन्सर एकाच वेळी खराब झाले असं नसतं, तिघांचं काहीतरी सामाईक असतं. पी ०६४२ तेच सांगतो, सेन्सरना दिलेला ५ व्होल्टचा सप्लाय खाली पडला. ईसीएम हे ५ व्होल्ट आत तयार करून दोन-तीन सेन्सरना एकाच लाइनवर वाटतो. त्यातली एक वायर जरी बॉडीला टेकली तरी सगळे बसतात. गॅरेजवाल्याला कोड वाचून वाटतं, ५ व्होल्ट ईसीएम देतो, ते पडले, म्हणजे ईसीएम गेला. अर्धं बरोबर आहे, म्हणूनच माणूस फसतो. ज्यांत डब्याकडे खरंच बोट जातं ते पी ०६०१, पी ०६०५, पी ०६०६ असे मेमरी आणि प्रोसेसरचे कोड, आणि तेसुद्धा सप्लाय-अर्थ तपासून, कोड पुसून पुन्हा आले तर.

५ व्होल्टची तपासणी अशी. चावी ऑन, त्या लाइनवरच्या कोणत्याही सेन्सरच्या कपलरवर मीटर. पाच असतील तर ठीक. कमी असतील तर त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढा. एखादा काढल्याबरोबर पाच परत आले तर तो सेन्सर आतून शॉर्ट. सगळे काढूनही नाही आले तर चावी ऑफ, ईसीएमचा कपलर काढा आणि ती वायर बॉडीला कुठे लागतेय का ओहमवर बघा. वायर स्वच्छ असेल आणि तरी डबा पाच देत नसेल, तेव्हाच डबा.

पण आमच्या गाडीत उभ्या गाडीला पाचच्या पाच होते. दोष चढावर, इंजिनवर जोर आल्यावर. मग दुकानातच चढ तयार केला. चाकांना चारी बाजूंनी लाकडी उटी, हँडब्रेक, पुढे-मागे कुणी उभं नाही, एक अनुभवी माणूस आत. दुसरा गिअर, ब्रेक दाबलेला, क्लच हळूच अर्धा सोडायचा. इंजिन माउंटिंगवर एका बाजूला कलतं, घाटात कलतं तसंच. एखाद-दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही, नाहीतर मार्चमध्ये टाकलेली क्लच प्लेट परत टाकायची वेळ. मीटर मिन-मॅक्सवर ठेवला होता. इंजिन कललं, परत जागेवर आलं. मिनचं बटण दाबलं, ०.३ व्होल्ट.

त्यानंतर वीस मिनिटांत सापडलं. इंजिनच्या मागच्या बाजूला, ईजीआरच्या (धूर परत इंजिनात नेणाऱ्या) पाइपाजवळ, वायरिंगचा खाचांचा काळा पाइप एका पत्र्याच्या ब्रॅकेटवरून जातो. त्याला धरणारी प्लास्टिकची क्लिप तुटलेली. पाइपाला ब्रॅकेटच्या काठानं बोटाच्या पेराएवढी फट पाडली होती. आत एकाच वायरचं आवरण घासून तांबं चकाकत होतं. काठावरही तेवढ्याच जागी रंग उडून चकाकी. इंजिन कललं की हे दोन चकाकणारे ठिपके एकमेकांना भेटायचे.

दिवाळीत डबा बदलल्यावर गाडी चार महिने बरी का चालली, तेही तिथेच कळलं. त्या जागेच्या वीतभर अलीकडे एक पांढरा केबल टाय होता, पिवळा पडून तुटलेला. डबा काढता-घालताना वायरिंग हललं, कुणीतरी नीटनेटकं म्हणून टाय मारला, वायर ब्रॅकेटपासून सुटली. इंजिनाच्या उष्णतेनं टाय मेला आणि वायर जागेवर आली.

वायर तोडली नाही. आवरण गेलेल्या जागी आतली तार शाबूत होती, म्हणून गोंदाची स्लीव्ह चढवून, वरून कापडी वायरिंग टेप गुंडाळली, नवा पाइप, ब्रॅकेटच्या काठावर रबराची किनार, आणि टायऐवजी पत्र्याची रबर लावलेली क्लिप. पीव्हीसी टेप इंजिनाजवळ वापरू नका, महिन्यात गोंद वितळून ओघळतो.

डबे मारणाऱ्या सवयी

माझ्याकडे जे खरे मेलेले डबे येतात त्यांतले बरेच या कारणांनी. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून डायनॅमो चार्ज करतो का ते बघणं. जुन्या ॲम्बेसिडरच्या काळात ते खपलं. आज टर्मिनल उचललं की डायनॅमोचं व्होल्टेज क्षणात उसळतं आणि ते जातं कुठे, तर डब्यात. डायनॅमो बघायचा तर मीटर लावा, चालू गाडीवर साधारण १३.८ ते १४.५ दिसतात. मग तोच मीटर एसीवर टाका, बॅटरीवर अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायोड गेलाय. दुसरं, घाटात बॅटरी उतरली म्हणून ट्रकची केबल लावणं. ट्रकला २४ व्होल्ट असतात. ट्रकवाला भला माणूस असतो, मदतच करत असतो. तिसरं, टपावर कॅरिअर वेल्डिंग करताना बॅटरी न काढणं आणि वेल्डिंगची अर्थ लांब बंपरला लावणं.

आणि पाणी. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्यानंतर पुढे कितीतरी दिवस स्वस्तात विकत घेतलेल्या गाड्या घाट चढून माझ्याकडे येत होत्या. वरून धुतलेल्या, सीट नव्या, आणि ईसीएमचा कपलर उघडला की आत वाळलेला गाळ, पिना हिरव्या. जुना डबा विकत घेताना झाकणाच्या कडेला आणि कपलरच्या तळाशी टॉर्च मारून बघा. गाळाची एक रेघ जरी दिसली तरी परत द्या.

या व्हॅनचं म्हणाल तर, वायर दुरुस्त केल्यावर मी स्वतः मालकांबरोबर गेलो. मीटरची लांब वायर काढून केबिनमध्ये घेतली होती. पोफळीपासून वर येताना मी आकड्यावर डोळे लावून बसलो होतो आणि मालक मीटरकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. ४.९८, ४.९९, ४.९८. वर घाटमाथ्यावर गाडी थांबवून त्यांनी चहा सांगितला. दुसरा डबा अजून माझ्या फळीवर आहे, झाकण उघडं. गिऱ्हाईक तिसरा ईसीएम टाकायचं बोललं की मी तो आणि भिंग त्यांच्या हातात देतो.